कुठले तुम्ही?

बर्लिनमधली रविवारची दुपार म्हणजे शुद्ध कंटाळा. दुकानं बंद, रस्ते ओस आणि डिसेंबर असल्यामुळे चारलाच अंधारून आलेलं. त्यात घरातलं वॉशिंग मशीन बंद पडलं, म्हणून मी कपड्यांची पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या वाशसालोनमध्ये येऊन बसलो होतो. भिंतीवरच्या पेटीत नाणी टाकायची, मशीनचा नंबर दाबायचा आणि मग काचेतून आपलेच कपडे गरगरताना बघायचे. माझ्यासारख्या रिकामटेकड्याला उत्तम.

समोरच्या बाकावर विशी-बाविशीचा एक मुलगा होता, मांडीवर बिस्किटांचा पुडा. एकदम फोनवर म्हणाला, "हो गं आई, जेवलो. अगं पोटभर जेवलो." आणि एक बिस्कीट उचलून, आवाज होऊ नये म्हणून, न चावता नुसतं तोंडात धरून बसला. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, म्हणजे तिकडे साडेआठ झाले असणार. तिची झाकपाक चालली असेल. त्या खोलीत आम्ही सहा-सात जण होतो, पण तो खोटं बोलतोय हे फक्त मला कळलं.

मी अर्थातच गप्प राहिलो. ही माझी जुनी खोड. परदेशात मराठी कानावर पडलं की मी ओळख देत नाही, चेहरा कोरा ठेवून ऐकत राहतो. एकदा ट्राममध्ये दोन बायका माझ्या टोपीबद्दल बराच वेळ बोलत होत्या. टोपीबद्दलचं त्यांचं मत बरोबर होतं. पुढच्या आठवड्यात मी टोपी बदलली.

बाबा नेमके उलट. गाडी सुटून फलाट संपायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं. "आपण कुठले?" मग "मूळचे?" मग "म्हणजे त्या वाड्यातले का?" चौथ्या प्रश्नाला नातं निघायचं, निदान चुलत मेहुण्याचा मित्र तरी. मला इतकी लाज वाटायची की मी खिडकीच्या गजांना नाक लावून बाहेर बघत बसे. उतरायच्या वेळी ती माणसं आमच्या बॅगा दारापर्यंत आणून द्यायची, तेव्हाही मी बाहेरच बघत असे.

मी विचारत नाही, पण पाट्या मात्र वाचतो. इथे इमारतींच्या दाराशी घंट्यांची पाटी असते आणि तिच्यावर नुसती आडनावं. फिरायला निघालो की प्रत्येक दाराशी पाऊल रेंगाळतंच. एकदा चौथ्या ओळीत जोशी दिसले. हे शेजाऱ्यांचे 'योशी' असणार, कारण जर्मनांना जे म्हणजे य. घंटी दाबायला बोट वर गेलंही होतं. दाबून काय सांगणार होतो, की मला तुमचं नाव नीट म्हणता येतं?

परदेशी गेलेली आधीची पिढी नव्या गावात उतरली की आधी टेलिफोन डिरेक्टरी उघडायची. तिथेही पंचाईत अशी, की आपल्या आडनावांची खूण शेपटीत, 'कर'मध्ये, आणि डिरेक्टरी लावलेली पहिल्या अक्षरावर. म्हणून मग कुलकर्णी, देशपांडे अशी हमखास मंडळी आधी शोधायची. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ सालचं. तेव्हा मुंबईहून बोटीनं जायला दोन-तीन आठवडे, आणि खुशालीचं पत्रही तितकेच दिवस घेणार. जेवलास का, हे विचारायला जवळपास कोणीतरी लागणारच. आता आई खिशात असते. सारखी विचारते. फक्त तिला बिस्किटांचा पुडा दिसत नाही.

(व्हिडिओ कॉल असतो, माहीत आहे. तो कॅमेरा कुठे वळवायचा हेही आपल्याला माहीत आहे.)

माझं मशीन थांबलं. ओले कपडे ड्रायरमध्ये भरताना एक मोजा नेमका फरशीवरच्या साबणाच्या पाण्यात पडला आणि तोंडातून निघून गेलं, "आयला!"

इतक्या वर्षांत जर्मन बरं जमायला लागलंय, पण मोजा पडल्यावर काही जर्मन येत नाही.

मुलानं मान वर केली. फोन केव्हाच संपला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या पुड्याकडे, मग परत माझ्याकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या बिचाऱ्याच्या. मी मोजा पिळत उभा, चेहरा कोरा ठेवायची वेळ गेलेली.

"काका," तो म्हणाला, "कुठले तुम्ही?"

ड्रायरवर अजून एकोणीस मिनिटं दाखवत होतं. मी पिशवी बाजूला सरकवून त्याच्या बाकावर जाऊन बसलो.