तुटक्या स्टडनं तारलं

मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून निघणाऱ्या टेम्पोंवर आमचं गॅरेज चालतं. हौद्यातलं बर्फाचं खारट पाणी गळून सायलेन्सरवर, वरून समुद्राची हवा. त्यामुळे मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या ओतीव नळ्यांचे, नट सुखासुखी सुटले असं रत्नागिरीत होत नाही. घाटावरचा मिस्त्री पाना लावून मोकळा होतो. आम्ही आदल्या रात्री तेल मारून ठेवतो.

पहिली दहा-बारा वर्षं बरी गेली.

२०१४ साली माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरानं शंभर पावलांवर गॅरेज टाकलं. पाना धरायला मी शिकवलेला पोरगा! मॅनिफोल्डचं काम तासाभरात, निम्म्या मजुरीत. सांध्यातलं जुनंच पॅकिंग, वर पेस्ट फासली की झालं. आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, 'काका उगाच दोन दिवस गाडी अडकवतात.' दिवाळीपर्यंत माझा कंप्रेसर विकला गेला. वेल्डिंग मशीनलाही गिऱ्हाईक बघत होतो.

तेवढ्यात आमचे टेम्पोवाले गिऱ्हाईक तांडेल आले. खोटं कशाला सांगू, तेही तिकडे जाऊन आले होते. म्हणाले, "सकाळी गाडी थंड असली की टकटक करते बघ, तापली की गप्प." उघडून बघतो तर मॅनिफोल्डला इंजिनच्या हेडशी धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या सळ्या, म्हणजे स्टड, दोन्ही टोकांना हेडच्या बरोबरीने तुटलेले, त्यावर पेस्ट, बाजूला काजळीचे फराटे. टोकाचेच स्टड आधी जातात. मॅनिफोल्ड हेडपेक्षा जास्त तापतं, लांबीला फुगतं आणि ओढ सगळी टोकांवर येते.

तुटक्या स्टडवर वॉशर ठेवला, त्याच्या भोकातून वेल्ड मारून स्टडला धरला, वर नट ठेवून तोही वेल्ड केला. लाली गेल्यावर पाना, थोडा पुढे, थोडा मागे, वर तेलाचा थेंब. पहिला आला. दुसऱ्याचा नट तीनदा उखडला. चौथ्यांदा 'कुर्र' झालं आणि स्टड हलला. तांडेलांच्या हातातली विडी विझून गेली होती.

आट्या साफ करायला त्यांत टॅप फिरवला. मॅनिफोल्डवर सरळ पट्टी टेकवली, तर टोकाला फट मोजायची फिलर गेजची पाती आरपार! हेडला टेकणारी बाजू घासून सपाट आणली. नवं पॅकिंग कोरडं बसवलं. नट आधी सगळे हाताने, मग मधून टोकांकडे, तीन फेऱ्यांत. आठ एमएमच्या स्टडला आवळायला बहुतेक इंजिनांत २०-२५ न्यूटन-मीटर जोर पुरतो, तरी त्या इंजिनचं पुस्तक बघावं. गाडी तापवून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा पाना लावून बघितला. दोन दिवस लागले, लागणारच.

आणि हो, केबिनमध्ये धुराचा वास आला तर काच खाली करून दिवस ढकलू नका. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुसऱ्या आठवड्यात तांडेलांनी जेट्टीवरचे चार टेम्पो पाठवले. वेल्डिंग मशीन राहिलं.

त्या पोराकडे स्टड तुटला की गाडी आजही रात्री टोचन करून माझ्याकडेच येते. गिऱ्हाइकाला मात्र तो सांगतो, लेथवाल्याकडे पाठवली होती.