आकाशदर्शनाचा मेळावा, पण पडद्यावर

२१ डिसेंबर २०२०ला गुरू-शनी आकाशात एकमेकांपासून जेमतेम ६ कलांवर (अंशाच्या दहाव्या भागावर) आले, आणि नेमकं तेव्हाच कोरोनामुळे दुर्बिणीच्या एका नेत्रिकेला (डोळ्याकडच्या भिंगाला) आळीपाळीने सगळ्यांनी डोळा लावणं धोक्याचं होतं. वार्षिक मेळावा पडद्यावर न्यायचा तर नेत्रिका काढून तिथे प्लॅनेटरी कॅमेरा (ग्रह टिपणारा छोटा कॅमेरा) बसवायचा, लॅपटॉपला जोडायचा आणि त्याचं चित्र दाखवणारी खिडकी झूमवर शेअर करायची. खरी गोम एक्सपोजरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात किती वेळ प्रकाश घ्यायचा यात आहे. शनी गुरूपेक्षा बराच मंद. त्याची कडी नीट दिसेल एवढं वाढवलं की गुरूचे पट्टे पांढऱ्या गोळ्यात विरून जातात. दोन्ही सेटिंग्ज आधीच सेव्ह करून आलटून पालटून दाखवा. फोकस गुरूच्या उपग्रहांवर करा, ते टाचणीच्या टोकाएवढे झाले की जमलं. ग्रह मावळतीला खाली उतरले की क्षितिजाजवळ चित्र उकळत्या पाण्यासारखं थरथरतं, म्हणून काळोखाची वाट न पाहता संधिप्रकाशातच सुरुवात करा.