जुन्या गाडीला ऑइल प्रेशरचा काटा

माझ्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशर कळण्याची एकच सोय होती, ती म्हणजे तेलाच्या बुधलीचे चित्र असलेला लाल दिवा. किल्ली फिरवली की तो लागायचा, इंजिन सुरू झाले की विझायचा, आणि तो विझला म्हणजे सारे ठीक आहे असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. हा दिवा लावणारा स्विच बहुतेक गाड्यांमध्ये दाब ०.३ ते ०.५ बार, म्हणजे साधारण ४ ते ७ पीएसआय (बार आणि पीएसआय ही दाबाची मापे) इतका खाली आल्यावरच काम करतो, हे समजले तेव्हा माझी झोप उडाली. जुन्या इंजिनांसाठी दर १,००० आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) १० पीएसआय असा ठोकताळा सांगतात. त्या हिशेबाने ३,००० आरपीएमला ३० पीएसआय हवेत. तिथे दाब १२ वर आला तरी दिवा विझलेलाच राहणार, आणि तो लागेपर्यंत बेअरिंगचे (इंजिनचा फिरणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, ज्यांच्यात फिरतो त्या भागांचे) व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असणार.

पंप दाब निर्माण करतो असे आपण सहज म्हणतो. खरे तर पंप फक्त तेल ढकलतो, आणि क्रँकशाफ्ट व बेअरिंग यांच्यामधल्या बारीक फटींतून ते तेल बाहेर पडताना जो अडथळा होतो, त्यातून दाब तयार होतो. म्हणूनच बेअरिंग झिजून फट वाढली, तेल पातळ झाले किंवा तेलाची पातळी उतरली, की काटा खाली येतो. गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, बसवण्यामागे माझा हेतू एवढाच होता, की ही घसरण हळूहळू होत असतानाच दिसावी.

गेज दोन प्रकारचे मिळतात. यांत्रिक गेजमध्ये एक बारीक नळी इंजिनमधले तेल थेट डॅशबोर्डपर्यंत आणते आणि गेजच्या आतली वाकलेली चपटी नळी दाबाने सरळ होऊ पाहते, तिला जोडलेला काटा फिरतो. ही युक्ती फ्रान्सच्या युजेन बूर्दाँ यांची, १८४९ सालची, आणि अचूकतेत आजही तिला नावे ठेवायला जागा नाही. मात्र ती नळी फुटली तर गरम तेल चालकाच्या पायांवर येते, आणि तांब्याची नळी इंजिनच्या थरथरीने कडक होऊन तडकू शकते. मी विजेवर चालणारा गेज निवडला, ज्यात तेल इंजिनपाशीच राहते आणि आत फक्त वायर येते. यात एक पथ्य आहे: सेंडर (इंजिनपाशी दाब मोजून वायरने गेजला कळवणारा भाग) आणि गेज एकाच जोडीचे हवेत. काही सेंडरचा रोध दाबाबरोबर १० ओहमपासून १८० ओहमपर्यंत चढतो, तर काहींचा २४० पासून ३३ पर्यंत उतरतो. जोडी चुकली तर काटा उलटा चालेल.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो आट्यांनी. दिव्याचा स्विच काढून तिथे पितळी टी (तीन तोंडांचा जोड) बसवायची, तिच्या एका तोंडाला जुना स्विच आणि दुसऱ्याला सेंडर जोडायचा, असा बेत होता (दिवा काढून टाकू नये, चालवताना नजर काट्यावर नसते, दिवा मात्र ती खेचून घेतो). टी हाताने दोन फेरे छान फिरली आणि अडकली. पाना लावून आणखी अर्धा फेरा मारावा असा मोह झाला होता. तो आवरला हे त्या दिवसातले माझे एकमेव शहाणपण. एक अष्टमांश इंची अमेरिकन आट्यांमध्ये इंचाला २७ फेरे असतात, ब्रिटिश आट्यांमध्ये २८, आणि १० मिलिमीटरचा मेट्रिक आटा शेजारी ठेवला तर तिन्ही नुसत्या डोळ्यांना भावंडे वाटतात. माझी टी २७ ची होती, ब्लॉक २८ चा. जोर केला असता तर ब्लॉकचे आटे गेले असते. आटे मोजायची पात्याची पट्टी आधीच लावून पाहिली असती, तर दुपार वाचली असती.

योग्य टी आल्यावर दुसरी अडचण दिसली. सेंडर चांगला जड डबा असतो, आणि तो टीच्या टोकाला लोंबकळत ठेवला तर थरथरीने टी मानेतच तुटण्याचा धोका असतो. म्हणून मी टीपासून जाळीदार आवरणाचा लवचिक होज घेतला आणि सेंडर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर) क्लॅम्पने पक्का केला. सेंडरला अर्थिंग त्याच्या अंगातूनच मिळते आणि आता त्याचा इंजिनशी धातूचा संबंध धड उरला नव्हता, याचा मला विसर पडला. पहिल्यांदा गाडी सुरू केली तेव्हा काटा वेड्यासारखा नाचू लागला. क्लॅम्पखालून एक वेगळी अर्थिंगची वायर बॉडीला जोडली आणि काटा शांत झाला. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळणाऱ्यांनी पहिला आटा मोकळा सोडावा, नाहीतर तिचा तुकडा तेलाच्या वाटेत जातो.

थंड इंजिनला काटा ६० पीएसआयवर गेला, त्याचा आनंद वीस मिनिटे टिकला. इंजिन तापल्यावर सिग्नलला थांबलो तर काटा १४ वर! तेल तापून पातळ झाले आणि पंपही संथ फिरत होता, त्यामुळे हा आकडा जुन्या इंजिनला शोभेल असाच होता. वेग घेताच तो ४० च्या वर चढला. तरी त्यानंतर आठवडाभर मी रस्त्यापेक्षा काटाच जास्त पाहिला. थंड, गरम, थांबलेले आणि पळणारे अशा चारही अवस्थांचे आकडे वहीत लिहून ठेवले, कारण आपल्या इंजिनचा नेहमीचा आकडा ठाऊक नसेल तर बिघडलेला ओळखायचा कशावरून?

त्या वहीचा उपयोग तिसऱ्या आठवड्यात झाला. एका लांब डाव्या वळणावर काटा ४० वरून क्षणभर २० पर्यंत उतरला आणि गाडी सरळ होताच परत चढला. दिवा अर्थातच लागला नाही. डिपस्टिक काढून पाहिली तर तेल खालच्या खुणेला टेकले होते. वळणावर ते संपमध्ये (इंजिनच्या तळाशी तेल साठते त्या भांड्यात) एका बाजूला सरकत होते आणि पंपाच्या जाळीला हवा लागत होती. वरच्या खुणेपर्यंत तेल भरून त्याच वळणावर पुन्हा गेलो, काटा जागचा हलला नाही. आता गेजच्या आतल्या दिव्याची वायर पार्किंग लाइटला जोडायची राहिली आहे. तोवर रात्री काटा पाहायचा तर टॉर्च लागतो.