पाळणाघर, सोलर आणि ‘आधी कमर्शियल घ्या’

“मॅडम, पाळणाघर म्हणजे धंदा. आधी कमर्शियल मीटर घ्या, मग सोलरचं बोला.”

दीड महिन्यात हे मी वीज कंपनीच्या ऑफिसात एकाच टेबलावर तीनदा ऐकलं.

राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत माझं पाळणाघर आहे. अकरा मुलं. दुपारी ती झोपली की पंखा-कूलर बंद करायची बिशाद नाही. फी वाढवली की पालकांची तोंडं उतरतात, म्हणून ‘पीएम सूर्यघर’ या घराच्या छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या अनुदान योजनेत अर्ज केला. 2 किलोवॉटला 60,000 रुपये अनुदान. 3 आणि त्यापुढे कितीही बसवा, 78,000 च. पोर्टल, एजन्सी, पॅनल, सगळं झरझर झालं. अडलं ते नेट मीटरपाशी, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजून बिलात वजावट देणाऱ्या मीटरपाशी.

पाहणीला आलेल्या माणसानं दारावरची पाटी वाचली, आत झोळ्या पाहिल्या आणि कागदावर शेरा मारून गेला. छतावर पॅनल उन्हात तापतायत आणि मी बिल पूर्वीइतकंच भरतेय! कमर्शियल घेतलं असतं तर अनुदानही गेलं असतं, कारण योजना फक्त घरगुती जोडणीला आहे. पहिल्या खेपेला मी वाद घातला. दुसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेले होते, ते आले साडेतीनला, आणि वाक्य तेच. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू.

मग भाचीनं वीज नियामक आयोगाचा दर-आदेश उघडून दाखवला. घराच्या एखाद्या भागात व्यवसाय असला, तरी वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात 3,600 पर्यंत असेल तर घरगुती दरच लागतो. माझी बारा बिलं काढली. सगळ्यांत जास्त मे महिन्याचं, 288. वर्षाची बेरीज 2,780. त्या पानाची प्रत, बारा बिलं आणि अर्ज. तिसऱ्या खेपेला साहेबांनी ठरलेलं वाक्य म्हटलं, मी वाद न घालता गठ्ठा आवक टेबलावर दिला आणि माझ्या प्रतीवर शिक्का घेतला. तोंडी काही बोलूच नका, शिक्का घ्या. नवव्या दिवशी मीटर लागला. साहेब म्हणाले, “असं आधी सांगायचं ना!”

हो, एक राहिलंच. बिल सासऱ्यांच्या नावावर असेल तर अर्जाआधी नावबदल करून घ्या, बँक खातंही त्याच नावाचं द्या. आमचं ते आधीच झालेलं होतं म्हणून वाचलो. पॅनल देशी बनावटीचेच हवेत, नाहीतर अनुदान नाही. एजन्सीकडून हे लेखी घ्या. आणि बिल शून्य होईल या भ्रमात राहू नका, स्थिर आकार येतोच. पण वापराचे पैसे आता जवळपास नाहीतच.

एजन्सीचा पोरगा मधे म्हणाला होता, “मावशी, मीटर लागेपर्यंत पाटी उतरवून ठेवा की.” नाही उतरवली.