मंचुरियनचं माहेर

आमच्या घरी दर दोन-तीन महिन्यांनी, शनिवारी रात्री, मंचुरियनचा प्रयोग होतो. प्रयोगच म्हणायला हवं. नाटकासारखाच तो कधी रंगतो, कधी पडतो, आणि पडला तरी प्रेक्षकांना उठून जाता येत नाही, कारण घरात दुसरं काही शिजवलेलं नसतं.

गेल्या खेपेला पडला. कोबी किसला, गाजर किसलं, मीठ लावलं आणि तेवढ्यात फोन आला. बोलून परत येतो तर परातीत कोबी पोहतोय. मीठ लागलं की कोबी पाणी सोडतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. कोशिंबीर करताना आई जन्मभर हेच सांगत आली आहे. पण चायनीज करायला घेतलं की कोशिंबिरीची अक्कल आपण चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवतो. मग कॉर्नफ्लॉर घातलं, मैदा घातला. पहिला गोळा तेलात सोडला आणि त्याचं अख्खं खटलं चार दिशांना पांगलं. घाबरून उरलेल्यात इतका मैदा कोंबला की दुसऱ्या घाण्यातला एक गोळा लेकीने ताटात आपटून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, यावर क्रिकेट खेळता येईल."

तिला कल्पना नव्हती, पण तिने गोळा अगदी योग्य मैदानावर टाकला होता. चिकन मंचुरियनचा जन्मच क्रिकेटच्या मांडीवर झाला असं मानतात. चर्चगेटला ब्रेबॉर्न स्टेडियमच्या आवारात क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आहे. १९७५ साली तिथे नेल्सन वांग नावाचे आचारी काम करत. जन्म कोलकात्याचा, घराणं चिनी. कुणीतरी गिऱ्हाइकाने फर्माईश केली, मेनूत नाही असं काहीतरी कर. वांग यांनी लसूण, आलं आणि हिरव्या मिरच्या बारीक चिरल्या, म्हणजे आपली नेहमीची सुरुवात. फक्त पुढे गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस ओतला, कॉर्नफ्लॉर लावून रस दाट केला आणि तळलेले चिकनचे तुकडे त्यात सोडले. पुढे त्यांनी मुंबईत चायना गार्डन हे स्वतःचं हॉटेल काढलं. मांचुरिया हा चीनचा ईशान्येकडचा मुलूख, पण तिथे जाऊन कुणी मंचुरियन मागितलं तर बहुधा एखादा माणूस समोर आणून उभा करतील.

हे सगळं मी आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती लसूण सोलत होती. "म्हणजे आलं, लसूण, मिरचीच ना? मग एवढा थाट कशाला?" असं म्हणून तिने तिन्ही जिन्नस मिक्सरला लावले आणि मी "अगं थांब" म्हणेपर्यंत फिरवून मोकळी झाली.

त्या दिवशी मला कळलं की चिरणं आणि वाटणं ह्यांत किती अंतर आहे. वाटलेलं आलं-लसूण तेलात पडलं की कढईच्या बुडाला धरतं, आणि घरभर वास सुटतो तो रविवारच्या रश्श्याचा. चिरलेली लसूण मात्र कणाकणाने तळली जाते, कडेने तांबूस होते, आतून पांढरी राहते, आणि रसात पडल्यावरही दाताखाली येते. मोठ्या गॅसवर हे सगळं फार तर अर्ध्या मिनिटाचं काम. एक मिनिट झालं की कडवट. आमच्या त्या मंचुरियनला शेवटी सोया घातलेला रस्सा म्हणून वाढलं. पोळीबरोबर बरा लागला.

कॉर्नफ्लॉरचं शास्त्र त्याहून सोपं आणि तरीही दर वेळी फसवणारं. ते गार पाण्यातच कालवायचं. गरम रसात कोरडं टाकलं की प्रत्येक चिमटीभोवती चिकट कातडं धरतं आणि आत पीठ कोरडंच राहतं. गार पाण्यातलंही वाटीत तळाला बसलेलं असतं, म्हणून ओतताना पुन्हा ढवळायचं. रस उकळला की तो दुधट रंग जातो, चकाकी येते, आणि तिथेच गॅस बंद. तिथे थांबलो नाही तर दहा मिनिटांत त्याची खळ होते. लहानपणी आई सुती साड्यांना करायची तसलीच.

एवढं शिकूनही नाक्यावरच्या गाडीची चव येईना, म्हणून एका संध्याकाळी मी ऑर्डर न देता नुसता उभा राहिलो. ड्रॅगन काढलेला लाल पत्रा, आणि खाली भर्र आवाज करत पेटलेला बर्नर. तिथल्या माणसाच्या हातात एकच लांब दांड्याचा डाव होता. त्याच डावाने तो तेल घ्यायचा, त्याच्याच टोकाने सोया, मीठ आणि पांढरी पूड उचलायचा आणि त्यानेच ढवळायचा. ती पांढरी पूड म्हणजे अजिनोमोटो. जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या काढ्यात हिची चव हेरली, हे त्या डावाच्या गावीही नव्हतं. मधूनच कढई तिरकी व्हायची आणि जाळ आत शिरून भप्पकन वर यायचा. मी विचारलं, "सोया कितना डालते हो?" तो म्हणाला, "देखते रहो साहब, आ जाएगा." वीस मिनिटं पाहिलं. काही आलं नाही, भूक तेवढी आली.

जाळ हीच खरी अडचण. घरच्या शेगडीला रेग्युलेटर बेताबेताने गॅस सोडतो. कुकरच्या तीन शिट्ट्यांना तो पुरतो. त्यावर चौघांचा कोबी-सिमला मिरची एकदम टाकली की कढई गार पडते, भाज्या पाणी सोडतात आणि परतण्याऐवजी शिजत बसतात. उपाय एकच: लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची आणि मूठ-मूठ भाजी परतून बाजूला काढायची. चौघांसाठी चार खेपा. तोवर पहिला जेवायला बसलेला आंघोळीला जातो.

आणि रंग. तो गाडीवरचा भडक लाल घरी येत नाही आणि येऊही नये. २०२४ साली गोव्यातल्या म्हापशाच्या नगरपालिकेने शहरातल्या गाड्यांवर आणि जत्रेत गोबी मंचुरियन विकायलाच बंदी घातली; अस्वच्छता आणि कृत्रिम रंग ही कारणं. एका फ्लॉवरच्या पदार्थाविरुद्ध अख्ख्या नगरपालिकेने ठराव करावा, हा मान आमच्या बटाटेवड्याला अजून मिळालेला नाही. आम्ही काश्मिरी मिरचीवर भागवतो. रंग विटेसारखा येतो.

या शनिवारी कोबी घट्ट पिळला. गोळे फुटले नाहीत. लसूण चिरली, आईला मिक्सरपासून लांब बसवलं. सगळं जमत आलं आणि शेवटी पातीचा कांदा चिरायचा राहिला म्हणून तो चिरत बसलो. गॅस चालूच होता. खळ झाली. लेकीने चार घास खाल्ले आणि दहीभात मागितला.

सकाळी उठलो तर आईने ते कढईतलं गार, थिजलेलं प्रकरण गॅसवर चढवलेलं. अर्धी वाटी पाणी घातलं होतं आणि ती डब्यातून गुळाचा खडा काढत होती. मी म्हटलं, "अगं, मंचुरियनमध्ये गूळ?" ती म्हणाली, "तू कालवलंस तेव्हा मी काही बोलले का?"

दोघी पोळ्या घेऊन बसल्या. लेकीने काही न बोलता दुसरी पोळी घेतली. मी वाटी शोधून येईपर्यंत कढई निपटलेली होती.