दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं

साधी गिटार मी बारा वर्षं वाजवत होते. त्यामुळे हवाईयन गिटार दोन-तीन महिन्यांत हाताशी येईल अशी माझी समजूत होती. आडवा आला तो माझा डावा हात. त्याला इतकी वर्षं एकच ठाऊक होतं: तार दाबायची.

इथे गिटार मांडीवर आडवी, तारा फ्रेटपासून, म्हणजे गळ्यावरच्या आडव्या पट्ट्यांपासून, चांगल्या उंच आणि हातात गुळगुळीत पोलादी बार. तो दाबला की तार ताणली जाते आणि सूर चढतो. आणखी दाबला की तार खाली फ्रेटला टेकून खरखरते. माझं दोन्ही होत होतं, आणि अर्ध्या तासात अंगठ्याचं मूळ ठणकायला लागायचं.

सरांनी तो बार माझ्या तळहातावर ठेवला. साधारण २०० ग्रॅमचा असेल. म्हणाले, "हे वजन उगाच दिलेलं नाही. त्याला त्याचं काम करू द्या." मग पकड दाखवली. एका बाजूने अंगठा, दुसऱ्या बाजूने मधलं बोट, तर्जनी वरून सरळ टेकलेली. अनामिका आणि करंगळी बारच्या मागे, तारांवर अलगद पसरलेल्या.

ही मागची दोन बोटं मला आधी बिनकामाची वाटली होती. पण बार ठेवला की तारेचे दोन तुकडे होतात आणि नटकडचा, म्हणजे खुंट्यांच्या बाजूचा, तुकडाही झणझणतो. त्याला ही बोटं गप्प करतात. ती उचलून एक मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) घेतली आणि मग टेकवून तीच पुन्हा घेतली, तेव्हा फरक कानालाच कळला. मला विचाराल तर सगळ्या पकडीत महत्त्वाचं हेच.

पंधरा दिवस मी चालीच वाजवल्या नाहीत. खुल्या तारेला सा मानायचा, सातव्या फ्रेटवर पंचम, बाराव्यावर तार सा, आणि प्रत्येक वेळी तानपुऱ्याशी पडताळायचं. साध्या गिटारवर बोट फ्रेटच्या किंचित मागे पडतं; इथे बार बरोबर फ्रेटच्या डोक्यावर हवा. मी मागे रेलून बसायचे, त्यामुळे बार जागेवर दिसायचा पण नसायचा. मान त्या फ्रेटच्या सरळ वर आणली आणि निम्मा बेसूरपणा गेला. वर जाताना जास्त जपावं लागतं, कारण बाराव्या फ्रेटपाशी दोन फ्रेटमधलं अंतर सुरुवातीच्या निम्मंच उरतं.

कंपनाला सरांनी साफ मनाई केली होती. बार हलता ठेवला की चुकलेला स्वर त्यात लपतो. आधी बार स्थिर ठेवून स्वर लावायचा, मगच कोपरापासून हात सैल सोडून हलवायचा. मला हे फार पटलं.

त्या दिवसांत रोज रात्री याच गिटारवर शास्त्रीय संगीत वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा ऐकायचे. हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू यांच्यामुळे जगभर गेलेलं हे वाद्य, काब्रांच्या हातात इतका संथ आलाप गातं की पोलाद तारेवर घासतंय हे विसरायला होतं.

अंगठा आता दुखत नाही. सध्या बार तिरका धरून दोन तारांवर दोन वेगळ्या फ्रेटचे स्वर काढायचा रियाज चालू आहे. पाचव्या फ्रेटपाशी अजून कोन चुकतो, नवव्याच्या वर मात्र जमायला लागलंय.