दोघांचं वेबकॉमिक: काम अडतं ते सांध्यावर

लेखन माझ्याकडे, चित्र आणि रंग जोडीदाराकडे, अक्षरलेखन, अपलोड आणि प्रसिद्धी पुन्हा माझ्याकडे. अशी वाटणी करून आम्ही उभ्या स्क्रोलचं साप्ताहिक वेबकॉमिक सुरू केलं. पहिलं पर्व २४ भागांचं, एका भागात साधारण ४० पॅनल, म्हणजे चित्रांच्या चौकटी. एकट्याचं काम एकट्याकडे असताना फारसं अडलं नाही. अडलं ते एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना, म्हणून इथे त्या सांध्यांवरच जास्त लिहिलं आहे.

पहिला सांधा कराराचा. चित्राची एक रेघही ओढण्याआधी एक पानभर करार लिहून दोघांनी सही करावी. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार निर्मितीबरोबरच कॉपीराइट मिळतो, त्यासाठी नोंदणीची अट नसते. पण दोघांत कोणाचं काय, हे त्यातून सुटत नाही. पात्रं कोणाची? एकाने सोडलं तर दुसऱ्याने नवा चित्रकार किंवा नवा लेखक घेऊन पुढे जायचं का? लेयरसकट (चित्राच्या सुट्या थरांसकट) मूळ फाइल कोणाकडे राहणार? आम्ही असं ठरवलं: पात्रं आणि कथा दोघांची, प्रसिद्ध झालेले भाग कोणीही काढून टाकायचे नाहीत, मूळ फाइलची प्रत दोघांकडेही. मतभेद झाला तर शब्दांबाबत लेखकाचा शब्द शेवटचा, चित्राबाबत चित्रकाराचा. आणि एक कलम फार उपयोगी पडलं: मंजुरीसाठी पाठवलेल्या गोष्टीवर ४८ तासांत उत्तर आलं नाही तर होकार समजायचा.

उत्पन्न खर्च वजा जाता निम्मं-निम्मं. हे न्याय्य आहे का, ते तास मोजल्याशिवाय कळत नाही. आमच्या एका भागाला पटकथेचे ५ तास लागतात आणि रेखाटन, शाई, रंग मिळून २५. एवढ्यावर थांबलं तर वाटणी सरळसरळ चित्रकारावर अन्याय करते. अक्षरलेखन, फाइल कापणं, अपलोड, पोस्ट, वाचकांना उत्तरं हे सगळं लेखकाने उचललं तेव्हा काटा जवळपास मध्यावर आला. लेखक मंडळींना हे ऐकायला आवडत नाही, पण वेबकॉमिकमध्ये लेखकाचं काम पटकथेवर संपत नाही.

दुसरा सांधा पटकथा आणि चित्र यांच्यातला, आणि सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो यानेच. चूक साधी होती: आधी चित्र पूर्ण करायचं आणि मग संवाद बसवायचे. देवनागरीला उभी जागा जास्त लागते. वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार, ऋकार. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.४ ते १.५ पट ठेवलं नाही, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. त्यामुळे चित्र झाल्यावर संवादाचे फुगे टाकले की ते चेहऱ्यावर किंवा हातावर चढतात. आता क्रम उलटा आहे. चित्रकार कच्चा आराखडा काढतो, त्यावर मी खऱ्या आकारात अक्षरं आणि फुगे ठेवते, आणि मगच रेखाटन सुरू होतं.

त्याच टप्प्यावर दुसरी गोष्ट पकडायची: आधी बोलणारं पात्र डावीकडे किंवा वर उभं हवं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे नंतर बोलणारा डावीकडे काढला तर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात आणि वाचक उत्तर आधी, प्रश्न नंतर वाचतो. पटकथेत प्रत्येक पॅनलपुढे ‘आधी कोण बोलतं’ एवढं लिहिलं तरी पुरतं. एका फुग्यात २० ते २५ शब्द, एका पॅनलमध्ये जास्तीत जास्त तीन फुगे, ही आमची मर्यादा. ती ओलांडली की मी पॅनल फोडते, अक्षर लहान करत नाही.

आता आकार. वेबटून आणि टापास ही वेबकॉमिक प्रसिद्ध करण्याची ठिकाणं. वेबटूनवर पानाची रुंदी ८०० पिक्सेल आणि एका तुकड्याची उंची १२८० पर्यंत. टापासवर रुंदी ९४०. काम मात्र ८०० वर कधीच करू नये. छपाईच्या ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ८०० पिक्सेल म्हणजे जेमतेम पावणेसात सेंटिमीटर, म्हणजे पुस्तकाचा विचार तिथेच संपला. आम्ही २४०० पिक्सेल रुंदीवर काढतो. त्याची छपाईतली रुंदी ८ इंच होते आणि ८०० वर आणताना बरोबर एक तृतीयांश करायचं. लक्षात ठेवायचं इतकंच की २४०० वरची ३ पिक्सेलची रेघ वाचकाकडे १ पिक्सेलची होऊन पोहोचते, म्हणून सगळ्यात बारीक रेघही ६ च्या खाली नको. संपूर्ण भाग एका फाइलमध्ये ठेवण्याचा मोहही टाळा. २४०० बाय १५,००० पिक्सेलचा एक पूर्ण भरलेला लेयर सुमारे १४४ एमबी मेमरी घेतो. असे ४० लेयर झाले की मशीन मान टाकतं. एक भाग तीन-चार फाइलमध्ये तोडलेला बरा.

अक्षराचा आकार ८०० च्या कॅनव्हासवर ३२ पिक्सेल ठेवतो, कारण फोनवर तो निम्म्याच्या आसपास दिसतो. पॅनलमधलं अंतर हेच उभ्या कॉमिकमधलं घड्याळ आहे: सलग हालचालीला ६० ते १०० पिक्सेल, एरवी २००, प्रसंग बदलताना ६०० ते ८००. लांबट फोनच्या पडद्यावर ८०० रुंदीच्या हिशेबाने साधारण १७५० पिक्सेल उंची मावते; त्याहून मोठी रिकामी जागा सोडली तर वाचकाला कोरा पडदा दिसतो आणि भाग लोड झाला नाही असं वाटतं.

अक्षरलेखनासाठी इंकस्केप हे सॉफ्टवेअर. जोडाक्षरं नीट बसतात, मजकूर पुढे कधीही बदलता येतो, आणि भाषांतर करायचं झालं तर फक्त तोच थर बदलायचा. फोटोशॉप वापरणाऱ्यांनी मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय चालू आहे का ते आधी बघावं. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते आणि जोडाक्षराचा पाय मोडतो. फाँट युनिकोडचाच हवा. कलम, बालू आणि मुक्त हे तिन्ही ओपन फाँट लायसन्सखाली आहेत, म्हणजे पुस्तक विकलं तरी वेगळी परवानगी लागत नाही. कलम हस्ताक्षराच्या वळणाचा आहे, संवादाला शोभतो, ओरडण्याला बालू.

एक्स्पोर्ट करताना रंग एसआरजीबीमध्ये, म्हणजे पडद्यांच्या प्रमाणित रंगपद्धतीत. सपाट रंग असतील तर पीएनजी, पोत असेल तर जेपीजी ९० च्या दर्जाने; लाल पार्श्वभूमीवरची अक्षरं जेपीजीत कडेने फाटतात, ती वेगळी तपासा. तुकडे पाडताना सुरी फुग्यातून किंवा चेहऱ्यातून जाऊ द्यायची नाही. फोनच्या रुंदीला चित्र आक्रसताना उंची अपूर्णांकात जाते आणि दोन तुकड्यांच्या जोडावर केसाएवढी रेघ उमटू शकते. सपाट रंगाच्या मोकळ्या जागेत कापलं तर ती कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

बफर, म्हणजे आधीच तयार ठेवलेले भाग, किती ठेवावा यावर लोक अंदाजाने बोलतात, पण तो चक्क मोजता येतो. आम्हाला एका भागाला ९ दिवस लागतात, प्रसिद्धी दर ७ दिवसांनी. म्हणजे प्रत्येक भागामागे २ दिवसांची तूट. पहिले ३ भाग एकाच दिवशी टाकले की उरतात २१. २१ भागांची तूट ४२ दिवस, म्हणजे जवळजवळ ५ भाग. त्यावर आजारपण, फाइल बिघडणं यासाठी ३ धरले. पहिल्या दिवशीचे ३ सोडून हे ८, म्हणजे एकूण ११ भाग हाताशी असल्याशिवाय पहिला भाग टाकायचा नाही. बफर म्हणजे पूर्ण, अक्षरांसकट, अपलोडला तयार भाग. ‘फक्त रंग राहिलाय’ हा बफर नव्हे.

पहिल्या दिवशी तीन भाग का? एका भागात पात्रांची ओळखच होते, गुंतायला निदान तिसऱ्या भागाचा शेवट लागतो. मालिकेचं मुखचित्र अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. त्यात चेहरा ओळखू आला नाही तर बदला.

प्लॅटफॉर्मबरोबर स्वतःची साइटही पहिल्या दिवसापासून हवी. वर्डप्रेसवर वेबकॉमिकसाठीची टूचेके (Toocheke) थीम पुरते. मागचा-पुढचा भाग दाखवणारी बटणं चित्राच्या खाली, आरएसएस (नवा भाग आल्याचं वाचकाला कळवणारी सोय) चालू, ईमेलची यादी. हा वेडेपणा वाटत असेल तर तारखा बघा: २०१३ मध्ये आरएसएस वाचण्यासाठीचा गूगल रीडर बंद झाला, २०१८ मध्ये वेबकॉमिकवाल्यांना जाहिराती देणारं प्रोजेक्ट वंडरफुल, आणि ३१ डिसेंबर २०२० ला स्मॅक जीव्ज हे कॉमिक ठेवण्याचं ठिकाण. ज्यांचे वाचक तेवढ्याच एका दारातून येत होते, त्यांना ते पुन्हा गोळा करावे लागले. साइटच्या प्रत्येक पानाला १२०० बाय ६३० चं ओपन ग्राफ चित्र, म्हणजे लिंकसोबत दिसणारं चित्र, लावा. नाहीतर लिंक शेअर केल्यावर लांबलचक पट्टीचा मधलाच तुकडा, बहुधा कोणाची तरी कोपरं, दिसतो.

प्रसिद्धीचा सांधा सगळ्यात शेवटी सुचतो आणि खरं तर तो आराखड्यात असायला हवा. इन्स्टाग्रामचं चित्र १०८० बाय १३५०, एका पोस्टमध्ये आता २० पर्यंत स्लाइड. उभी पट्टी नुसती कापून त्यात बसत नाही. म्हणून प्रत्येक भागात चार-पाच पॅनलचा एक तुकडा असा रचतो की तो सुटा वाचला तरी कळेल आणि उत्सुकतेवर थांबेल. त्या पॅनलांच्या कडेने जास्तीची पार्श्वभूमी आधीच काढून ठेवायची. नंतर काढायला सांगितलं तर चित्रकार चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं. पहिल्या स्लाइडवर लोगो नको, सरळ प्रसंग हवा. कुठे वाचायचं ते शेवटच्या स्लाइडवर. कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, ती प्रोफाइलमध्ये. संयुक्त पोस्ट केली की तीच पोस्ट दोघांच्या प्रोफाइलवर दिसते.

लाइक मोजण्यात अर्थ नाही. पहिल्या भागाचे वाचक आणि तिसऱ्याचे वाचक, हे प्रमाण बघा. गळती पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये असेल तर दोष पहिल्या भागात आहे आणि जास्त प्रसिद्धी केल्याने जास्त लोक गळतील, एवढंच. आपल्यासारखाच वाचकवर्ग असलेल्या दुसऱ्या कॉमिकशी पाहुण्या चित्रांची अदलाबदल आम्हाला नुसत्या पोस्टपेक्षा जास्त लागू पडली. वाचनसमूहांत लिंक टाकण्याआधी स्वतःच्या जाहिरातीबद्दलचे तिथले नियम वाचावेत. चित्रावरच्या खवचट टिपणीला लेखकाने उत्तर द्यायचं, कथेवरच्याला चित्रकाराने. घाव स्वतःवर नसला की भाषा आपोआप शांत राहते.

पैशाबद्दल एकच सावधगिरी. पेट्रिऑनवर (वाचक दरमहा पैसे देऊन कलाकाराला आधार देतात ती साइट) दोन भाग आधी देण्याचं आमिष सहज सुचतं, पण देणगीदारांना दोन भाग आधी दाखवले की ८ चा बफर त्या दिवशी ६ होतो. आम्ही त्याऐवजी कच्चे आराखडे देतो. ते तसेही तयार असतात.

पर्व संपल्यावरच्या सुटीत परतीची तारीख जाहीर करण्याचा दबाव येतो. पुढच्या पर्वाचे निदान पाच भाग शाईपर्यंत होईपर्यंत आम्ही ‘सुटी सुरू’ एवढंच लिहितो आणि ईमेल यादीची लिंक देतो.